पाटावरून उठताना मांडीवर हात टेकणारं मूल : डीएमडीबद्दल लोकांना कसं सांगायचं?

तिळगूळ | ११ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचनमात्र होते, लिहायची वेळ आज आली.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, म्हणजे डीएमडी. जनुकातून येणारा स्नायूंचा आजार, आणि जवळजवळ फक्त मुलग्यांना होणारा. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला. स्नायूच्या पेशीला धरून ठेवणारं डिस्ट्रोफिन नावाचं प्रथिन शरीरात तयारच होत नाही. त्यामुळे स्नायू वापरले की झिजतात, आणि झिजलेल्या जागी चरबी भरते. आधी कंबर आणि मांड्या, मग खांदे, हात, पुढे श्वासाचे स्नायू आणि हृदय.

आम्हाला हे कळलं तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दिसत मात्र तीन वर्षांचा असल्यापासून होतं, रोज, आमच्या डोळ्यांसमोर. आमच्याकडे सणावाराला सगळे पाटावर जेवायला बसतात. जेवण झालं की तो आधी पालथा व्हायचा, गुडघ्यांवर यायचा, ढुंगण वर करायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असे स्वतःच्याच अंगावरून हात चढवत चढवत उभा राहायचा. सासूबाई कौतुकाने म्हणायच्या, "उठले बाई आमचे आजोबा!" आम्ही हसायचो. तोही हसायचा. पोटऱ्या कशा टणक, भरलेल्या. येणारा-जाणारा त्या दाबून बघायचा आणि "पैलवान होणार हा" म्हणायचा. एकदा पर्वती चढत होतो. तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवायचा, मग पुढची पायरी. तिसाव्या-चाळिसाव्या पायरीला खाली बसला. मी म्हणाले, "आळशी आहेस तू." त्याने मान खाली घातली आणि पुन्हा चढायला लागला. ते वाक्य मला अजून रात्री आठवतं.

पाच वर्षांचा असताना तापात रक्त तपासलं, तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरसाठी बघतात ते एन्झाइम, वाढलेलं. झालं, लिव्हरचे डॉक्टर सुरू. आठ महिने औषधं, पथ्य, तीन सोनोग्राफ्या. एसजीपीटी स्नायूंमधूनही रक्तात येतं हे कोणी बोललंच नाही. शेवटी एका मेंदूविकार तज्ज्ञांनी त्याला जमिनीवर बसवलं आणि म्हणाले, "ऊठ बाळा." तो उठला. अर्धं मिनिटही लागलं नसेल. सीपीके केलं, म्हणजे स्नायू तुटले की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमची तपासणी. ते चौदा हजारांच्या वर निघालं. मोठ्या माणसातही ते साधारण दोनशेच्या आत असतं.

आता प्रश्न. ७ सप्टेंबर हा जागतिक ड्युशेन जागृती दिन. यंदा ६ तारखेला विसर्जन, म्हणजे ७ ला पुण्यात मिरवणूकच चालू असणार, नाहीतर माणसं झोपलेली असणार. म्हणून सोसायटीच्या गणपतीत एका संध्याकाळी पंधरा मिनिटं मागून घेतली आहेत. दीडशे माणसं असतील, आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत. काय सांगू? कसं सांगू, म्हणजे लोकांच्या लक्षात राहील आणि माझ्या मुलाकडे बघून कोणी चुकचुकणार नाही?

---

बालवाडीताई | ११ ऑगस्ट, रात्री ११:१५

तिळगूळ, वाचून हात थांबले. सहकारनगरला बावीस वर्षं बालवाडी चालवली. तुमचा पाटाचा प्रसंग वाचला आणि एक मुलगा डोळ्यांपुढे आला. गोष्ट संपली की सगळी पोरं टुणकन उठायची, हा मागे राहायचा, भिंतीला धरून उठायचा. मी त्याला भिंतीजवळची जागा देऊन टाकली होती. मला वाटलं, मी त्याची सोय केली. त्याच्या आईला सांगायला हवं होतं हे आज कळतंय.

आमच्यासारख्यांना नेमकं काय बघायचं ते सांगा. रोज चार तास मुलं आमच्याच समोर जमिनीवर बसतात-उठतात.

---

कढीपत्ता | १२ ऑगस्ट, सकाळी ७:०५

३१ ऑगस्टला गौरी येतायत. ३१ ते २ या तीन दिवसांत कार्यक्रम ठेवू नका, एकही बाई खाली उतरणार नाही. शनिवारी ३० तारखेला घ्या. आणि आरतीच्या आधी घ्या, प्रसाद हातात पडला की पुणेकर थांबत नाही.

---

निळी_छत्री | १२ ऑगस्ट, सकाळी ९:३०

मुलाबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तरीही वेगळं मत मांडतो, राग नसावा.

लहान मुलं पडतातच. पायऱ्या चढताना कुरकुरतातच. दीडशे लोकांना लक्षणं सांगितलीत तर दुसऱ्या दिवशी पन्नास आया आपल्या पोरांच्या पोटऱ्या दाबत बसतील. आणि दुसरं, जे विचारायला जड जातंय: हा आजार बरा होत नाही ना? मग दोन वर्षं आधी कळून काय मिळतं? उलट ती दोन वर्षं घर आनंदात असतं.

---

सांधेजोड | १२ ऑगस्ट, दुपारी १:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, लहान मुलांसोबतच काम करते. आधी बालवाडीताईंना उत्तर.

मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा आणि कशाचाही आधार न घेता उठायला सांगा. तीन वर्षांच्या पुढचं मूल साधारणपणे सरळ उठतं. तिळगूळ यांनी लिहिलंय तसं पालथं होऊन, मांड्यांवर हात चढवत उठत असेल, तर त्याला 'गॉवर्सची खूण' म्हणतात. गॉवर्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १८७९ मध्ये तिचं वर्णन केलं, आणि आजही तपासणीची सुरुवात तिथूनच होते. सोबत काय दिसतं? दीड वर्षापर्यंत चालायला न लागणं. बदकासारखं डुलत चालणं. चवड्यांवर चालणं. दोन्ही पाय उचलून उडी न मारता येणं. काही मुलं उशिरा बोलतात, कारण डिस्ट्रोफिन मेंदूतही लागतं. यातलं एखादं दिसलं म्हणजे डीएमडी असं मुळीच नाही, चवड्यांवर चालणारी कितीतरी मुलं ठणठणीत असतात. पण दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या आणि मूल इतरांच्या मागे पडत चाललं असेल, तर सीपीके करा. काही शे रुपयांची साधी रक्ततपासणी आहे. नॉर्मल आली तर डीएमडीचा विषय संपला, ते घाबरणंही संपलं.

आता निळी_छत्री. तुमचा प्रश्न खरा आहे, माझ्याकडे येणारे अर्धे आजोबा हाच विचारतात. आजार बरा होत नाही, पण त्याचा वेग कमी करता येतो. स्टेरॉइड वेळेत सुरू केलं तर चालणं दोन-तीन वर्षं जास्त टिकतं. घोट्यामागची शिर रोज ताणली, रात्री स्प्लिंट घातला तर टाच टेकत राहते. हृदय आधीपासून तपासत राहिलं तर औषध वेळेवर देता येतं. पूर्वी ही मुलं विशीच्या आतच जायची. आता नीट काळजी घेतलेली मुलं तिशी पाहतात.

---

निळी_छत्री | १२ ऑगस्ट, दुपारी ३:००

तिशी पाहतात हे माहीत नव्हतं. वाचतोय.

---

मुळाकाठ | १२ ऑगस्ट, रात्री ९:५०

निळी_छत्री, 'ती दोन वर्षं आनंदात' यावर एका बापाचा अनुभव.

माझ्या मुलाचं निदान झालं तो साडेसात वर्षांचा असताना. त्याआधी शाळेत पीटीच्या तासाला तो मागे राहायचा म्हणून त्याला उठाबशा काढायला लावायचे. रोज वीस. त्या काळात त्याची लघवी एकदा चहासारखी काळपट झाली होती. आम्ही म्हटलं, पाणी कमी प्यायला असेल. स्नायू तुटून त्यातला रंग लघवीत उतरतो, हे नंतर कळलं. ती आमची आनंदाची वर्षं. तो रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडायचा आणि मी त्याला शाबासकी देऊन परत शाळेत पाठवायचो.

निदान झाल्यावर काय केलं तेही सांगतो, म्हणजे दुसरा कोणी करणार नाही. एका ठिकाणी स्टेम सेलची इंजेक्शनं देतो म्हणाले. तिथल्या बाकावर माझ्यासारखेच बाप बसलेले. घरचं सोनं मोडलं, वर मित्राकडून घेतले. तीन फेऱ्या. चौथ्या वेळी मुलानेच विचारलं, "बाबा, याने मी पळणार आहे का?" मी डॉक्टरांकडे बघितलं, डॉक्टरांनी फाइलकडे. आपल्याकडे रक्ताच्या काही आजारांतलं बोन मॅरो प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. बाकी जे काही होतं ते नोंदणी केलेल्या संशोधनातच व्हायला हवं, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, नियमावली २०१७ ची आहे, मी ती वाचली २०२१ मध्ये.

तिळगूळ, तुमच्या पंधरा मिनिटांत उठाबशांचं सांगाच.

---

सदाशिवपेठी_आजोबा | १३ ऑगस्ट, सकाळी ६:१०

आमच्या ओळखीत केरळहून आणलेल्या तेलाने मालिश करून एका मुलाला बराच गुण आला होता. करून बघायला हरकत नसावी.

---

सांधेजोड | १३ ऑगस्ट, सकाळी ८:४०

आजोबा, हलक्या हाताने तेल लावल्याने मुलाला बरं वाटत असेल तर जरूर लावावं, आईचा हात फिरतो हेही मोठं आहे. पण जोरात रगडणं नको, आणि तेलासाठी स्टेरॉइड बंद करणं तर नकोच. रोज चालू असलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं. हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते.

---

सदाशिवपेठी_आजोबा | १३ ऑगस्ट, सकाळी ८:५५

समजले. रगडणे नाही.

---

रानजाई | १३ ऑगस्ट, रात्री ११:३०

ज्या विषयावर कोणी बोलत नाही त्यावर लिहिते.

माझ्या ताईच्या मुलाला डीएमडी आहे. निदान झाल्यावर तिच्या सासरी पहिलं वाक्य आलं, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मुलाला एक्स आईकडून मिळतो, एवढं अर्धवट कुठेतरी ऐकून सगळं तिच्यावर ढकललं. ताई दोन वर्षं माहेरी आली नाही, का तर माहेरचे लोकही दोषी. तिच्या सासूबाई मुलाला स्वतः भरवायच्या, त्याच्यासाठी रात्र जागायच्या, आणि ताईशी मात्र बोलायच्या नाहीत.

नंतर तपासणीत कळलं की ताई वाहक नाहीच, म्हणजे तिच्या जनुकात तो बदल नव्हताच. जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या मुलांमध्ये हा बदल नव्याने होतो, आई वाहक नसते. आणि असती तरी तिचा काय दोष? तिने काय निवडलं होतं?

पण तपासणी सगळ्या बहिणींनी करून घ्या, मावश्यांनीही. बाई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला पन्नास टक्के शक्यता, आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याचीही तेवढीच. कुटुंबातला नेमका बदल कळला असेल तर पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्यापासून नोंदणीकृत केंद्रात तपासता येतं, कायद्याने अशा आजारासाठी ती परवानगी आहे. शिवाय वाहक बायकांचं स्वतःचं हृदयही कमकुवत होऊ शकतं, त्यांनीही अधूनमधून टूडी इको करावं. हे शेवटचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

निळी_छत्री, आधी कळून काय मिळतं विचारलंत. आमच्या सोसायटीतल्या एका घरात मोठ्याचं निदान होईपर्यंत धाकटा जन्मलेला होता. त्यालाही आहे.

---

निळी_छत्री | १४ ऑगस्ट, सकाळी ८:००

रानजाई, मुळाकाठ, माझा पहिला मुद्दा मागे घेतो. दुसरा मात्र ठेवतो: भीती घालू नका. 'उठताना बघा, शंका आली तर एक रक्ततपासणी' इतकंच सांगा. व्हीलचेअर, व्हेंटिलेटर, आयुष्य किती, हे गणपतीसमोर दीडशे लोकांत नको. त्यातच तो मुलगाही बसलेला असेल.

---

तिळगूळ | १४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

निळी_छत्री, हा मुद्दा मला अगदी पटला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला 'स्नायू दमतात' एवढंच माहीत आहे. बाकीचं आम्ही त्याच्या वयाप्रमाणे सांगतोय.

सगळ्यांचं वाचतेय. मुळाकाठ, तुमची पोस्ट घरात मोठ्याने वाचली. नवरा उठून गॅलरीत गेला.

७ सप्टेंबरच का, हे एकाने निरोपात विचारलंय. डिस्ट्रोफिनचं जनुक माणसाच्या शरीरातल्या सगळ्यात लांब जनुकांपैकी एक आहे आणि त्याचे ७९ तुकडे आहेत, त्यांना एक्सॉन म्हणतात. ७९ म्हणून सातवी तारीख, नववा महिना. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही हा दिवस मान्य केला. खूण लाल फुग्याची.

आमच्या जेनेटिक्सच्या मॅडमनी हे कसं समजावलं ते लिहिते. शरीर हे जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचतं. समजा वाक्य आहे: कमल नयन बघत हसत. यातला एक 'ल' गळला तर वाचताना होतं: कमन यनब घतह सत. काही कळतं का? तिथून पुढचं सगळं बिघडलं, प्रथिन तयारच होत नाही. हे ड्युशेन. पण 'नयन' हा अख्खा शब्द गळला तर: कमल बघत हसत. तोकडं आहे, पण कळतं. तोकडं का होईना प्रथिन बनतं. हा बेकर प्रकार, तो सौम्य असतो. मॅडमनी कागदावर हे लिहून दाखवलं तेव्हा नऊ महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी नीट कळलं. तो कागद फ्रिजवर लावलाय.

---

कढीपत्ता | १४ ऑगस्ट, सकाळी १०:५०

कमन यनब. शाळेत जीवशास्त्र असं शिकवलं असतं तर मी वाणिज्यला गेलेच नसते.

---

ढोलताशा | १४ ऑगस्ट, रात्री ११:४५

ताई, आमचं मंडळ मध्यवस्तीत आहे. रोज हजारो माणूस देखावा बघायला येतं. यंदाचा देखावा ठरलाय, पण सजीव देखाव्याच्या आधी दहा मिनिटं मोकळी असतात. आम्ही तुमचा विषय घेऊ का? तुमच्या मुलाला स्टेजवर आणलं तर लोकांच्या काळजाला भिडेल. गाडी पाठवतो, सगळी काळजी घेऊ.

---

तिळगूळ | १५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

ढोलताशा, तुम्ही विचारलंत यानेच भरून आलं. मात्र त्याला स्टेजवर आणायला मन धजत नाही. का, ते नीट सांगता येत नाहीये.

---

स्कोअरर | १५ ऑगस्ट, दुपारी १२:००

मी सांगतो. मी चोवीस वर्षांचा आहे, मला डीएमडी आहे. दहाव्या वर्षी चालणं थांबलं. हडपसरला राहतो, घरून जीएसटीची कामं करतो, रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मशीन, लावून झोपतो. हे सगळं उजव्या हाताच्या दोन बोटांनी फोनवर लिहितोय, त्यामुळे वेळ लागला.

मी नऊ वर्षांचा असताना एका कार्यक्रमात मला स्टेजवर बसवलं होतं. एका बाईंनी माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली आणि डोळे पुसले. आईने ती नोट परत करायचा प्रयत्न केला तर त्या म्हणाल्या, "असू दे हो, बिचाऱ्याला खाऊ." मी तेव्हा बुद्धिबळाच्या स्पर्धेत दुसरा आलो होतो. ते कोणी विचारलं नाही.

ज्यांनी मला सांभाळलं ते माझे गल्लीतले मित्र. मी पळू शकत नाही म्हटल्यावर आधी मला रनर दिला. मग बॅट जड व्हायला लागली तर अंपायर केलं. मग स्कोअरर. त्यासाठी वही आणून दिली, वर लिहून: 'यात खाडाखोड करणाऱ्याला बाद धरण्यात येईल.' त्या वह्या माझ्याकडे आहेत, अकरा. पार्किंगमधली प्रत्येक मॅच आहे त्यात. मी दया नाकारतोय असं नाही, पण मला टीममध्ये जागा हवी होती आणि ती मिळाली.

आमची शाळा जुन्या इमारतीत होती, सहावीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. आईने मला वर्षभर पाठीवर नेलं. सातवीत नवीन बाई आल्या, त्यांनी पहिल्याच आठवड्यात अख्खा वर्ग तळमजल्यावर हलवला. एक अर्ज, एक दिवस, चाळीस बाकं. हे सहावीतही होऊ शकलं असतं.

तिळगूळताई, मुलाला स्टेजवर नेऊ नका. उठण्याची पद्धत दाखवायचीय ना? एखाद्या मोठ्या माणसाने करून दाखवावी.

---

ढोलताशा | १५ ऑगस्ट, दुपारी १२:४०

भावा, चूक झाली. मी करून दाखवतो. व्यायामशाळेतला गडी आहे, मी तसा उठलो की लोक बघतील. तिळगूळताई, तुमची तपासून घेतलेली स्क्रिप्ट द्या.

---

बालवाडीताई | १५ ऑगस्ट, दुपारी १:३०

स्कोअरर, बाळा, ते बुद्धिबळाचं बक्षीस काय होतं?

---

स्कोअरर | १५ ऑगस्ट, दुपारी २:१०

लाकडी पट. अजून त्यावरच खेळतो. विचारल्याबद्दल धन्यवाद.

---

पासवाला | १६ ऑगस्ट, सकाळी ११:००

अवांतर: मजल्यांवरून आठवलं. मेट्रोमुळे आमच्या भाच्याला घेऊन पहिल्यांदा वनाजहून डेक्कनला गेलो, लिफ्टने वर, लिफ्टने खाली, व्हीलचेअर सरळ डब्यात. तो खिडकीतून नदी बघत होता. स्टेशनबाहेर पडलो आणि पहिल्याच फूटपाथवर मध्यभागी डीपी बॉक्स. तिथून चौघांनी उचलून घेतलं. फूटपाथचा वेगळा धागा काढायला हवा.

कामाचं: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफी नावानिशी आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लवकर काढा. परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. चौथीत हात चालतोय म्हणून थांबू नका, आठवीत कागद गोळा करायला दम राहत नाही.

---

मुळाकाठ | १६ ऑगस्ट, रात्री १०:००

यात भर. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ चं आहे, डीएमडी त्यातल्या तिसऱ्या गटात. नेमलेल्या केंद्रांमधून पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे, मुंबईचं केईएम रुग्णालय हे त्यातलं एक केंद्र. ठरावीक एक्सॉन वगळून वाचायला लावणारी नवी औषधं आहेत, पण ती काही विशिष्ट बदल असलेल्या मुलांनाच चालतात आणि खर्च वर्षाला कोटींच्या घरात जातो. म्हणजे पन्नास लाख किती पुरणार, हिशेब करा. तरी जनुकाचा अहवाल हातात ठेवून नाव नोंदवलेलं असावं. उद्या एखादी चाचणी सुरू झाली तर पहिला प्रश्न 'तुमचे कोणते एक्सॉन गेलेत' हाच असतो.

आणि खिशात एक चिठ्ठी ठेवा: मुलाला डीएमडी आहे, भूल देताना सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध) नको. अपघात झाला आणि आपण जवळ नसलो तर ती चिठ्ठीच बोलेल.

---

बालवाडीताई | १७ ऑगस्ट, सकाळी ९:२०

कार्यक्रमासाठी एक सुचलं. सगळ्या मुलांना जमिनीवर बसवून 'हात न टेकता उठा' असा खेळ घेतला तर?

---

स्कोअरर | १७ ऑगस्ट, सकाळी ११:०५

ताई, त्या खेळात तो एकटा हरेल. सगळ्यांसमोर.

---

बालवाडीताई | १७ ऑगस्ट, सकाळी ११:१०

खरंच की. नको. माफ करा तिळगूळ.

---

तिळगूळ | २३ ऑगस्ट, रात्री १०:००

माफी कसली ताई, तुमच्यामुळे ते सुचलं आणि टळलं. मसुदा केलाय. मोठ्याने वाचून बघा, कुठे अडखळतं ते सांगा:

"तीन वर्षांपुढचं मूल जमिनीवरून कसं उठतं ते बघा. मांड्यांवर हात चढवत उठत असेल, जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत चढत असेल, वरचेवर पडत असेल, तर त्याला आळशी म्हणू नका, डॉक्टरांकडे न्या आणि सीपीके तपासा. लिव्हरचा रिपोर्ट वाढलेला असेल तर जीजीटी ही लिव्हरची दुसरी रक्ततपासणीही करून घ्या. जीजीटी नॉर्मल असेल तर स्नायूंची शंका घ्या. आणि वर्गात किंवा खेळात असं मूल असेल तर त्याला काम द्या, बाजूला बसवू नका."

एवढंच. बाकी वेळ प्रश्नांना.

---

निळी_छत्री | २३ ऑगस्ट, रात्री १०:२०

उत्तम. शेवटचं वाक्य आधी घ्या. लोक सुरुवातीचं लक्षात ठेवतात.

---

तिळगूळ | ३१ ऑगस्ट, दुपारी ३:१५

गौरींच्या गडबडीतून वेळ काढून लिहितेय. काल झालं.

ढोलताशा स्वतः आले, मंडळाचा टी-शर्ट घालून. सहा फुटी माणूस सतरंजीवर पालथा झाला, गुडघ्यांवर आला, मांड्यांवर हात ठेवत उठला. सगळं शांत. मग आम्ही बोललो, म्हणजे आधी नवरा बोलला, मी नंतर. मुलगा त्याच्या मित्रांबरोबर मागे लाल फुगे वाटत होता. कोणाला किती दिले त्याची यादी ठेवायचं काम त्याच्याकडे होतं (स्कोअरर, तुमच्यामुळे), आणि एका काकांनी दुसरा फुगा मागितला तर "तुम्हाला दिलाय, टिक आहे" म्हणाला.

प्रश्न आले. आजी मंडळींनी जास्त विचारले. पण सांगायचं होतं ते वेगळंच. सगळे पांगल्यावर बी विंगमधले एक सर थांबले. शाळेत तीस वर्षं पीटी शिकवलेले, आता निवृत्त. म्हणाले, "माझ्याकडे एक पोरगा होता. मी त्याला रोज मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो. त्याच्या वडिलांनी एकदा येऊन सांगितलं, सर, त्याला जमत नाही. मी म्हटलं, सवयीने जमेल." पुढे काही बोलले नाहीत. मग खिशातून चष्मा काढून म्हणाले, "ते उठाबशांचं मला लिहून द्या. आमच्या क्रीडाशिक्षकांचा ग्रुप आहे, चारशे जण आहेत. पण नीट लिहून द्या, शिक्षक चुका काढतात."

मी असं लिहिलंय, सांधेजोड तुम्ही बघा: "ज्या मुलाच्या स्नायूंचा आजार असण्याची शंका आहे त्याला उठाबशा, जिने उतरण्याचा व्यायाम, वजनं देऊ नयेत. त्याला धावायला लावू नये. शिक्षा म्हणून तर कधीच नाही."

---

सांधेजोड | ३१ ऑगस्ट, रात्री ८:४०

जिने उतरणं लिहिलंत ते फार बरं केलंत, चढण्यापेक्षा उतरताना स्नायू जास्त तुटतात हे कोणाला माहीत नसतं. 'धावायला लावू नये' मात्र बदला. नाहीतर शिक्षक त्याला मैदानावरच येऊ देणार नाहीत. असं लिहा: "त्याला स्वतःच्या वेगाने खेळू द्यावं आणि दमला म्हणाला की लगेच थांबू द्यावं. पोहणं चांगलं. खेळानंतर लघवी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं."

---

मुळाकाठ | ३१ ऑगस्ट, रात्री ८:५५

लघवीचं वाक्य ठळक करा.

---

तिळगूळ | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३०

बदललं, ठळक केलं, सरांना पाठवलं. त्यांनी ग्रुपवर टाकलंय. एका शिक्षकांचा फोन आला, नववीतला मुलगा आहे म्हणतात, जिन्याच्या कठड्याला धरून चढतो. उद्या त्याच्या घरच्यांशी बोलणार आहेत. सांधेजोड, सीपीकेला उपाशीपोटी जावं लागतं का?

---

सांधेजोड | ३१ ऑगस्ट, रात्री ९:३५

नाही. फक्त आदल्या एक-दोन दिवसांत फार व्यायाम झालेला नको, आकडा तसाही वाढतो. आणि त्या शिक्षकांना सांगा, आईवडील दोघांशी एकत्र बोला, एकट्या आईशी नाही.